लूनोखोद

चंद्रपृष्ठावर हिंडून निरीक्षणे करण्यासाठी सोव्हिएट संघाने पाठवलेली दोन दूरनियंत्रित वाहने. रशियन भाषेत या नावाचा अर्थ ‘चंद्रावर चालणारा’. फेब्रुवारी १९६९ मधील पहिला प्रयत्न प्रक्षेपकातील बिघाडामुळे फसला. लूनोखोद–१ (७५६ किग्रॅ.) १७ नोव्हेंबर १९७० रोजी वर्षासागरात उतरले, पृथ्वीबाहेर फिरलेले हे पहिले दूरनियंत्रित वाहन होय. लूनोखोद–२ (सु. ८४० किग्रॅ.) जानेवारी १९७३ मध्ये ल मॉनिए विवरात उतरले.

दोन्हींचे धड टबासारखे असून त्यावर बिजागरीचे झाकण होते. झाकणाच्या आतल्या बाजूस सौरघट बसवलेले असत. चांद्ररात्री झाकण मिटले जाई व आतील पोलोनियम–२१० हे किरणोत्सर्गी द्रव्य उपकरणांना ऊब देई. आठही चाकांना स्वतंत्र मोटारी होत्या. क्रिमियातील केंद्रात पाच जणांची तुकडी वाहन हाकी. मात्र दूरचित्रवाणीवर सलग दृश्य नव्हे, तर काही सेकंदांच्या अंतराने स्थिर चित्रे येत, त्यामुळे ‘हाकणे’ हा शब्द थोडा सैलच म्हणावा लागेल.

कापलेल्या अंतराविषयी एकमत नाही. भुसभुशीत मातीत चाके घसरत असल्याने त्यांच्या फेऱ्या मोजून खरे अंतर कळत नाही. यासाठी मागे मोटार नसलेले, नुसते घरंगळणारे नववे चाक जोडले होते. त्यावरून लूनोखोद–१ साठी १०.५ किमी. व लूनोखोद–२ साठी ३७ किमी. हे आकडे रूढ झाले व जुन्या संदर्भग्रंथांत तेच आढळतात. पुढे अमेरिकी चांद्रपरिभ्रमण यानाच्या छायाचित्रांत चाकोऱ्या दिसल्या. रशियन अभ्यासकांनी त्या मोजल्या, तेव्हा पहिला आकडा १० किमी.च्या किंचित खाली आला, तर दुसरा २०१३ मध्ये ४२ किमी.पर्यंत चढला. फेरमोजणीनंतर सु. ३९ किमी. हा आकडा पुढे आला. तोच अधिक ग्राह्य वाटतो. हा वाद केवळ हिशेबापुरता नव्हता : मंगळावरील ‘ऑपॉर्च्युनिटी’ या अमेरिकी गाडीने जुलै २०१४ मध्ये ४० किमी. ओलांडून पृथ्वीबाहेर सर्वाधिक अंतर कापण्याचा लूनोखोद–२ चा विक्रम मोडला, असे म्हणता आले ते या आकड्यामुळेच. ४२ किमी. धरले असते, तर तिला आणखी वाट पाहावी लागली असती.

लूनोखोद–२ मे १९७३ मध्ये निकामी झाले. एका लहान विवरात उघडे झाकण कडेला घासून त्यावर माती पडली व झाकण मिटताना ती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागावर सांडली, त्यामुळे वाहन अतितप्त झाले, असे सामान्यतः मानले जाते. लूनोखोद–१ चा संपर्क सप्टेंबर १९७१ मध्येच तुटला होता. त्यावरील फ्रेंच बनावटीच्या लेसर–परावर्तकाचे (पृथ्वीवरून सोडलेला लेसर प्रकाश परत पाठवणाऱ्या आरशाचे) नेमके स्थान मात्र २०१० पर्यंत हाती नव्हते. त्या वर्षी एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोतील वेधशाळेला त्याकडून प्रकाश परत मिळाला.