तेरा डेसिबलची खरखर

एकाच गाण्याच्या दोन प्रती आहेत. दोन्हींत खरखर मिसळलेली आहे आणि यंत्राने मोजली तर ती अगदी सारखी भरते: गाण्यापेक्षा फक्त १३ डेसिबल खाली, म्हणजे शक्तीच्या हिशेबात साधारण विसावा हिस्सा. पहिली प्रत ऐकवत नाही. दुसरी मूळ गाण्यापासून वेगळी ओळखणंही अवघड जातं. बेल लॅब्जचे जेम्स जॉन्स्टन आणि एमपी३ घडवणाऱ्यांपैकी एक असलेले कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांचं हे प्रात्यक्षिक ‘तेरा डेसिबलचा चमत्कार’ म्हणून ओळखलं जातं.

यामागे कानाची रचना आहे. आतल्या कानातल्या कॉक्लियात प्रत्येक कंपनसंख्येची जागा ठरलेली असते. एका जागी मोठा आवाज उमटला की शेजारचे बारीक आवाज त्याखाली झाकले जातात. दुसऱ्या प्रतीतली खरखर गाण्याच्या सुरांखाली अशीच लपवलेली होती. पहिलीत ती सगळीकडे सारखी पसरली होती, त्यामुळे गाणं जिथे क्षीण होतं तिथे उघडी पडली.

मोजमापांवरून आवाज सांगता येतो का, हा ऑडिओच्या शौकिनांमधला जुना वाद आहे. माझं मत स्पष्ट आहे: येतो, पण आकडा कानाच्या हिशेबाने काढलेला हवा.

अँप्लिफायरच्या माहितीपत्रकावरचा टीएचडी (एकूण हार्मोनिक विकृती) हा आकडाच पाहा. मूळ सुरात नसलेले, अँप्लिफायरने स्वतः घातलेले हार्मोनिक (मूळ सुराच्या कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले सूर) एकत्र करून तो टक्क्यांत देतात. पण सगळे हार्मोनिक कानाला सारखे नसतात. षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, तिसरा पंचम. पाचवा म्हणजे तंबोऱ्यात आपसूक ऐकू येणारा स्वयंभू गंधार. सातवा मात्र कोमल निषादाच्याही खाली घसरतो, अकरावा दोन मध्यमांच्या मध्ये लोंबकळतो. शिवाय मूळ सुरापासून इतक्या दूर गेल्यावर तो सूर त्यांना झाकूही शकत नाही. बीबीसीच्या शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवलं होतं की प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाला चाराने भागून येईल तेवढं वजन द्यावं. दुसऱ्याला १, तर सातव्याला सव्वाबारा!

ही सूचना मागे पडली आणि १९६० च्या दशकातले कित्येक ट्रान्झिस्टर अँप्लिफायर कागदावर उत्तम, ऐकायला कर्कश निघाले. त्यांत लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. हातबदल होताना मध्ये बारीकशी खाच पडते आणि तिच्यातून नेमके वरचे हार्मोनिक निघतात. पूर्ण आवाजात ही खाच टक्केवारीत नगण्य दिसते, आणि मोजणी सहसा तिथेच व्हायची. रात्री हळू आवाजात ऐकताना खाच तेवढीच, पण संगीत लहान झालेलं. हे ज्यांनी ऐकलं त्यांचे कान बरोबर होते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

तरीही ‘मला ऐकू आलं’ एवढ्यावर भागत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना आकार, किंमत आणि नाव यांनी गुण फिरवले. स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात पडणारा खरा फरकही तेव्हा नीट टिपला गेला नाही. आवाजाची पातळीही अशीच फसवते. एक यंत्र दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं वाजलं, तर ते ‘मोठं’ न वाटता ‘अधिक खुलं’ वाटतं. म्हणून तुलनेआधी व्होल्टमीटर लावून पातळ्या जुळवाव्यात. एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतील, असं मला मनापासून वाटतं.

ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकर अनेक कोनांतून मोजून श्रोत्यांची पसंती वर्तवणारं सूत्र काढलं. पडद्याआडच्या पसंतीशी त्याचा सहसंबंध ०.८६ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणी).

२००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट ऐकवलं आणि तेच सीडीच्या १६ बिटांतून गाळूनही ऐकवलं. कोणतं कोणतं हे ओळखायच्या ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी. फरक कळला तो फक्त शांत जागी, आवाज नेहमीपेक्षा खूपच वाढवल्यावर, पार्श्वभूमीच्या सूक्ष्म खरखरीतून. ती खरखर कुठे असणार, हे ‘१६ बिट म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबल खाली’ हा हिशेब आधीच सांगत होता.