ऑनलाइन कोर्सचा टीए व्हायचंय? निवड झाल्यावर कागद कुठे अडतात ते आधी बघा

अमेरिकेत एमएसला आलेली आपली मुलं दर सेमिस्टरला टीएशिपच्या, म्हणजे प्राध्यापकाच्या पगारी सहायकाच्या (टीचिंग असिस्टंट) कामाच्या मागे असतात. शेकडो विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन कोर्सला एकटा प्राध्यापक पुरा पडत नाही. शंकांना उत्तरं देणं, असाइनमेंट तपासणं, झूमवरचे ऑफिस अवर्स (विद्यार्थ्यांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळा), सगळं टीएंवर येतं, म्हणून जागा निघतात. निवड होते, मुलं घरी फोन करून सांगतात, आणि मग एका कागदापायी काम हातचं जातं. हे मी वारंवार पाहिलंय, म्हणून लिहितोय.

अर्ज अवघड नाही. विभागाच्या पोर्टलवर रेझ्युमे, ट्रान्सक्रिप्ट आणि तो कोर्स किंवा त्याच्या तोडीचा विषय चांगल्या ग्रेडने केल्याची नोंद द्यायची. प्राध्यापकांना चार ओळींचा मेल टाकायचा.

इंग्रजीची अट मात्र नीट वाचा. बरीच विद्यापीठं टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे एकूण गुण बघत नाहीत, बोलण्याच्या विभागाचे बघतात. ते कमी असतील तर वेगळी तोंडी परीक्षा असते आणि तिच्या जागा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच भरतात. टोफेलचा निकाल दोनच वर्षं चालतो, हेही दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांच्या लक्षात राहत नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. हे २० तास कॅम्पसवरच्या सगळ्या कामांचे मिळून. १० तास लायब्ररीत आणि १५ तास टीए म्हणून, असं केलंत तर नियम मोडला. 'काम ऑनलाइन आहे, कोण मोजतंय' असा विचार कृपा करून करू नका. तास पगाराच्या नोंदीत दिसतात आणि धोक्यात तुमचा व्हिसा येतो. दुसरा गैरसमज उलटा आहे. एफ-१च्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशेबात सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय किंवा ३ क्रेडिट धरता येतात. हा नियम तुम्ही शिकत असलेल्या विषयांचा आहे, तुम्ही टीए असलेल्या कोर्सचा नाही. या भीतीने मिळालेली जागा सोडू नका.

आता सगळ्यात जास्त अडवणारा आय-९, म्हणजे तुम्हाला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे हे तपासणारा फॉर्म. त्याचा पहिला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत तुम्ही भरायचा. त्यानंतर कामकाजाच्या ३ दिवसांत विद्यापीठाने तुमचे कागद बघायचे. मुलं हे दिवस वर्ग सुरू झाल्यापासून मोजतात. मोजायचे ते नेमणूकपत्रातल्या तारखेपासून, आणि टीएची नेमणूक अनेकदा वर्गांच्या आधीच सुरू होते. पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा दाखला) आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) लागतात. विद्यापीठाने व्हिडिओवरून तपासणीची सोय दिली नसेल तर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः जावं लागतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. आय-९४ विमानतळावर हातात मिळत नाही, सीबीपी या अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या संकेतस्थळावरून काढावा लागतो. काढल्यावर लगेच दोन गोष्टी बघा. व्हिसाचा प्रकार एफ-१ आहे ना? आणि नाव? आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, विद्यापीठाच्या अर्जात मात्र मुलं वडिलांचं नाव गाळतात. मग दोन नोंदी जुळत नाहीत आणि पगार विभाग फाइल परत पाठवतो. सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच क्रमाने लिहा.

पगार आणि करासाठी लागणारा सरकारी सोशल सिक्युरिटी नंबर नव्या मुलांकडे नसतोच, आणि नोकरीच्या पत्राशिवाय तो मिळत नाही. अमेरिकेत उतरल्यावर १० दिवस थांबून, विद्यापीठात हजेरी नोंदवून मगच सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जा, नाहीतर तुमची नोंद त्यांच्या यंत्रणेत सापडत नाही. काम सुरू व्हायला ३० दिवसांहून जास्त असतील तरी परत पाठवतात. विभागाचं नोकरीचं पत्र, डीएसओचं (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा विद्यापीठातला अधिकारी) पत्र, पासपोर्ट, आय-२०, आय-९४ सगळं मूळ न्या. ऑनलाइन कोर्सचे प्राध्यापक कधी दुसऱ्याच शहरात असतात आणि स्कॅन केलेली सही पाठवतात. तिच्यावर विसंबू नका, विभागातल्या कुणाची तरी शाईची सही आणि तारीख घ्या. नंबर यायच्या आधीही काम करता येतं, फक्त अर्जाची पावती पगार विभागाला द्या. पगार विभागाच्या खिडकीवर कुणी 'नंबराशिवाय काम नाही' म्हणालं तर घाबरू नका, डीएसओला सांगा.

सुट्टीत पुण्याला किंवा नाशिकला येऊन तिथूनच असाइनमेंट तपासू, असं ठरवण्याआधी विभागाकडून लेखी परवानगी घ्या. देशाबाहेरून केलेल्या कामाचा पगार अनेक विद्यापीठं देत नाहीत, आणि तिकीट काढून झाल्यावर हे कळलेली मुलं मला माहीत आहेत.

लॉगिन मिळण्याआधी सहसा फर्पाचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा हा १९७४चा कायदा आहे. टीए झाल्यावर मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी 'माझे मार्क बघून सांग ना दादा' म्हणालं, तर तिथे उत्तर देऊ नका. त्याला कोर्सच्या पोर्टलवरूनच विचारायला सांगा.