लिंकनचा जाहीरनामा आणि तेरावी घटनादुरुस्ती: कोणत्या कागदाने कोण सुटलं?

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमध्ये एक ओळ ठरलेली असते: '१८६३ साली अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट केली.' चार पर्यायांतून एकावर खूण करायला ती पुरते. कॉलेजात मीही ती घोकली होती. गंमत म्हणजे दोन पानं पुढे त्याच गाइडात 'तेरावी घटनादुरुस्ती (१८६५) – गुलामगिरीचे निर्मूलन' असंही छापलेलं होतं. जी गोष्ट १८६३ ला नष्ट झाली ती १८६५ ला पुन्हा कशी नष्ट केली, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पडायला हवा होता.

कागद दोन आहेत, लिंकनचा १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती, आणि दोघांचं काम वेगवेगळं आहे. जाहीरनाम्याने माणसं सोडवली, दुरुस्तीने पद्धत मोडली. सावकाराच्या दारातून दहा वेठबिगार सोडवून आणणं वेगळं आणि वेठबिगारीच कायद्याने बंद करणं वेगळं, तसंच हे.

आधी अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा नकाशा डोळ्यांपुढे हवा. लिंकन निवडून आल्यावर २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघालं. पुढच्या काही महिन्यांत फुटलेल्या राज्यांची संख्या अकरा झाली. ही झाली 'दक्षिण', आणि लिंकनची बाजू ती 'उत्तर'. कशासाठी फुटले यावर आजही वाद घालणारे भेटतात, पण मिसिसिपीने आपल्या घोषणेतच लिहून ठेवलंय की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. मात्र गुलाम बाळगणारी सगळीच राज्यं फुटली नाहीत. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी ही चार सीमेवरची राज्यं लिंकनच्याच बाजूला राहिली. १८६० च्या जनगणनेत देशात सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते, त्यांतले जवळपास ४ लाख ३० हजार या चार राज्यांत. सगळा घोळ या ४ लाख ३० हजारांचा आहे.

लिंकनची अडचण कायद्याची होती. राज्याच्या हद्दीतल्या गुलामगिरीला हात लावायचा अधिकार राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला दिलेलाच नव्हता. पण तो सरसेनापतीही होता, आणि युद्धात शत्रूचं बळ काढून घेता येतं. ही पळवाट पहिल्यांदा त्याला नव्हे, तीन पळालेल्या गुलामांना सापडली. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे रात्री होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर येऊन धडकले. दक्षिणेचं सैन्य त्यांना तोफांचे मोर्चे बांधायच्या कामाला जुंपत होतं. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन दक्षिणेचा एक मेजर आला: पळालेला गुलाम परत करायचा कायदा आहे, आमची माणसं द्या. किल्ल्यावरचा जनरल बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्याने उलट विचारलं, तुम्हीच म्हणता की तुम्ही आता परका देश आहात, मग आमचा कायदा तुम्हाला कुठून लागू? आणि शत्रूच्या लढाईला उपयोगी पडणारा माल म्हणून तिघांना ठेवून घेतलं. माणसाला 'माल' म्हणूनच, पण ठेवून घेतलं. महिनाभरात किल्ल्याशी शेकडो लोक येऊन थांबले.

जाहीरनामा याच तर्काचं मोठं रूप आहे. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिटमच्या लढाईत एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. दक्षिणेचं सैन्य मागे हटलं. विजय पदरात पडल्याशिवाय असली घोषणा केली तर ती केविलवाणी दिसेल, असा सल्ला परराष्ट्रमंत्री सीवर्डने आधीच दिला होता. पाच दिवसांनी, २२ सप्टेंबरला लिंकनने बंडखोर राज्यांना १ जानेवारीपर्यंतची मुदत दिली: परत या, नाहीतर तुमच्याकडचे गुलाम स्वतंत्र जाहीर करू. कोणी परतलं नाही.

१ जानेवारी १८६३ ला सकाळी सहीसाठी आलेल्या प्रतीत औपचारिक शब्दांतली एक चूक लिंकनला दिसली. कागद परत पाठवला. मधल्या वेळात व्हाइट हाउसमध्ये नववर्षाच्या भेटीगाठी सुरू होत्या, त्यात तो काही तास लोकांशी हस्तांदोलन करत उभा राहिला. दुपारी कागद आला तेव्हा हाताला कंप सुटलेला. सही थरथरली तर पुढे लोक म्हणतील, याचं मन कचरलं. म्हणून तो थांबला, मग सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

मजकूर मात्र वाचायला गेलात तर निराशा होईल. तो तलाठ्याच्या दप्तरासारखा आहे. कोणती राज्यं बंडखोर ते नाव घेऊन सांगितलंय आणि वगळलेल्या भागांची यादी दिलीय: लुइझियानातले न्यू ऑर्लिन्ससह तेरा परगणे, व्हर्जिनियातल्या पुढे वेस्ट व्हर्जिनिया झालेल्या अठ्ठेचाळीस काउंट्या (म्हणजे आपल्याकडचे जिल्हे), शिवाय आणखी सात. त्या सातांत एलिझाबेथ सिटी ही काउंटीही आहे, म्हणजे मन्रो किल्ला जिथे आहे तीच. टेनेसीचं नाव तर बंडखोरांच्या यादीतच नाही. चार सीमाराज्यांचंही नाही. कारण उघड आहे. हे युद्धातलं शस्त्र होतं, ते शत्रूवरच चालणार. मेरीलँडशी युद्ध नव्हतं, तर तिथे सरसेनापती काय करणार?

यावरून 'लिंकनने जिथे सत्ता नव्हती तिथले गुलाम सोडवले आणि जिथे होती तिथले ठेवले, म्हणजे सोडवला कोणालाच नाही' असं चतुर वाक्य तेव्हापासून फिरतंय. ऐकायला छान आहे, पण खरं नाही. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची बेटं उत्तरेच्या ताब्यात होती आणि वगळलेल्या यादीत नव्हती. तिथल्या ब्युफर्टजवळच्या छावणीत नव्या कृष्णवर्णीय पलटणीसमोर त्याच दिवशी जाहीरनामा वाचला गेला. कर्नल हिगिन्सनच्या हाती निशाण आलं, तो बोलायला उभा राहणार, तोच व्यासपीठाजवळून एका म्हाताऱ्याचा चिरका आवाज आला. त्याने देशभक्तीचं एक गाणं धरलं होतं. दोन बायकांनी त्यात सूर मिसळला, मग बाकीच्यांनी. गोरे पाहुणेही गाऊ लागले, तर कर्नलने त्यांना हाताने गप्प केलं. हा देश आपला म्हणायची त्या लोकांची ती पहिलीच वेळ होती.

शिवाय जाहीरनाम्यात आणखी एक कलम होतं: सुटलेल्या पुरुषांना सैन्यात घेतलं जाईल. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या लष्करात दाखल झाले. आणि सैन्य दक्षिणेत जसजसं सरकत गेलं तसतशी जाहीरनाम्याची हद्द सरकत गेली. तो बंदुकीच्या टप्प्याइतकाच खरा होता, पण टप्पा रोज वाढत होता. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनला तो पोचायला १९ जून १८६५ उजाडला; जनरल ग्रेंजरने तिथे हुकूम जाहीर केला, आणि तोच दिवस आज 'जूनटीन्थ' म्हणून पाळतात. २०२१ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे. त्या दिवशी अमेरिकेतला शेवटचा गुलाम मोकळा झाला असं मोबाइलवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये असतं. तेही चूक. केंटकीत तेव्हाही माणसं कायद्याने मालकीची होती.

दोन कागदांतला फरक कळायला केंटकीसारखी जागा नाही. १८६० मध्ये तिथे सव्वादोन लाखांवर गुलाम होते. राज्य लिंकनच्या बाजूचं, म्हणून जाहीरनामा लागू नाही. पण सैन्यात भरती झालेला गुलाम स्वतंत्र ठरणार, हे १८६४ पासून तिथेही होतं. तेव्हा पुरुष पळून कॅम्प नेल्सनच्या छावणीत यायचे. केंटकीतून सुमारे २४ हजार कृष्णवर्णीय सैनिक झाले; लुइझियाना सोडलं तर एवढे कोणत्याच राज्यातून झाले नाहीत. त्यांच्यामागून बायका-पोरंही यायची, कारण नवरा पळाला की मालकाचा राग घरच्यांवर निघायचा. आता हा हिशेब बघा: नवरा गणवेशात, स्वतंत्र. त्याची बायको त्याच छावणीच्या कडेला खोपटात, आणि कायद्याने कोणाची तरी मालमत्ता. नोव्हेंबर १८६४ च्या कडाक्याच्या थंडीत छावणीच्या जनरलने या कुटुंबांना गाड्यांत घालून हाकलून दिलं आणि खोपटी पाडून जाळून टाकली. शेकडो बायका-मुलं उघड्यावर पडली, त्यातली कितीतरी दगावली. बोभाटा वॉशिंग्टनपर्यंत गेला. ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून सैनिकांच्या बायका-मुलांनाही स्वतंत्र केलं. पण ज्या बाईचा नवरा सैन्यात नव्हता, ती? ती होती तिथेच होती.

लिंकनला जाहीरनाम्याचं हे लंगडेपण ठाऊक होतं. युद्ध संपलं की युद्धाच्या अधिकाराचं काय? उद्या एखादं न्यायालय म्हणालं की हुकूम लढाईपुरता होता, तर? राज्यांच्या कायद्याच्या पुस्तकांतून गुलामगिरी पुसली गेलेली नव्हतीच. तेराव्या दुरुस्तीला त्याने सगळ्या दुखण्यांवरचा राजाचा इलाज म्हटलं, आपण रामबाण म्हणू, ते यामुळेच.

इथे एक जाता जाता. युद्ध टाळण्याच्या धडपडीत मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने एक दुरुस्ती मंजूर केली होती. ती पुरेशा राज्यांनी मान्य केली असती तर तीच तेरावी ठरली असती, आणि तिच्यात लिहिलं होतं की राज्यातल्या गुलामगिरीत केंद्राला कधीच ढवळाढवळ करता येणार नाही! चार वर्षांत तेराव्या क्रमांकाचा अर्थ असा नेमका उलटा झाला.

खरी तेरावी सिनेटने ८ एप्रिल १८६४ ला ३८ विरुद्ध ६ मतांनी संमत केली. प्रतिनिधिगृहात ती जूनमध्ये पडली. लिंकन पुन्हा निवडून आला, प्रतिनिधींची मनधरणी झाली, पदांची आश्वासनं दिली गेली असंही बोललं जातं. ३१ जानेवारी १८६५ ला ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी पार पडली. हवी होती दोन तृतीयांश. तीन माणसं फिरली असती तर पुन्हा पडली असती. राष्ट्राध्यक्षाची सही अशा दुरुस्तीला लागतच नाही, तरी लिंकनने दुसऱ्या दिवशी हौसेने केली. दुरुस्ती लागू झालेली बघायला तो राहिला नाही. एप्रिलच्या १५ तारखेला त्याचा मृत्यू झाला.

पुढचा टप्पा तीन चतुर्थांश राज्यांच्या मान्यतेचा, आणि मला सगळ्यात रस इथे वाटतो. राज्यं ३६ धरली, म्हणजे फुटलेली अकरासुद्धा धरून. त्यांचं फुटणं बेकायदा, ती संघराज्याबाहेर कधी गेलीच नाहीत, ही उत्तरेची पहिल्यापासूनची भूमिका. जाहीरनाम्याला ती राज्यं शत्रू म्हणून लागत होती, दुरुस्तीला तीच सभासद म्हणून लागली. हव्या असलेल्या २७ मान्यतांपैकी आठ कालच्या बंडखोरांच्या आहेत, आणि सत्ताविसावी, ६ डिसेंबर १८६५ ची, जॉर्जियाची. उलट लिंकनच्या बाजूने राहिलेल्या केंटकी आणि डेलावेअरने साफ नकार दिला होता. त्या दिवशी त्यांचं काही चाललं नाही. केंटकीतली ती बाई त्या डिसेंबरात सुटली. तिच्या राज्याने दुरुस्तीला मान्यता दिली ती १९७६ साली. मिसिसिपीने १९९५ साली ठराव केला, पण कागद केंद्राकडे पोचवायचा राहिला तो २०१३ मध्ये पोचला.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती लिंकनला नाही, युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. जाहीरनाम्यावर एका माणसाची सही होती; दुरुस्तीला मतदान, सभागृहं, राज्यं लागली. फुल्यांनी एवढा बारकावा मनात धरला होता की नाही कोण सांगणार, पण आभार योग्य पत्त्यावर गेले असं मला वाटतं.

आता दुरुस्तीचं कौतुक करताना तिचं एक वाक्य पुरतं वाचायला हवं. गुलामगिरी आणि सक्तीची वेठ अमेरिकेत कुठेही असणार नाही, 'रीतसर दोषी ठरलेल्या माणसाला गुन्ह्याची शिक्षा म्हणून' असेल ते सोडून. जाहीरनाम्याने परगणे वगळले, दुरुस्तीने कैदी वगळले. दक्षिणेला ही फट लगेच दिसली. मिसिसिपीने तर दुरुस्ती लागू व्हायच्या आधीच, नोव्हेंबर १८६५ मध्ये कायदे केले. कृष्णवर्णीय माणसाकडे कामाचा लेखी पुरावा नसला की तो भटका, भटका असणं हा गुन्हा, गुन्ह्याला दंड, आणि दंड भरता आला नाही की जो कोणी तो भरेल त्याच्याकडे मजुरी. पुढे तुरुंगातले कैदी खाणींना, रेल्वेच्या कामांना, मळ्यांना भाड्याने देणं हा राज्यांच्या उत्पन्नाचा भाग झाला. अलाबामाने हे १९२८ मध्ये बंद केलं.

तो अपवाद देशाच्या घटनेत आजही आहे. काही राज्यांनी आपापल्या घटनांतून अशी वाक्यं काढायला घेतली आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात अलाबामा, ओरेगॉन, टेनेसी आणि व्हरमाँटच्या मतदारांनी ती काढली. लुइझियानातही त्याच दिवशी मतदान होतं, पण तिथे मसुद्याच्या शब्दरचनेवरून घोळ झाला, प्रस्ताव आणणारा आमदारच 'याला मत देऊ नका' म्हणू लागला, आणि प्रस्ताव पडला.