मधल्या कामांची सुरक्षा : आमच्या ग्राहक कारखान्यांसाठी माहितीपत्रक

प्रेसवर वर्षानुवर्षं बसणाऱ्या माणसाला प्रेसचा धोका ठाऊक असतो. त्याचे हात त्या तालात बसलेले असतात. आम्ही कारखान्यांचं सुरक्षा ऑडिट करतो. आमच्या पाहण्यातले बरेचसे गंभीर अपघात असं नेहमीचं काम सुरळीत चाललेलं असताना झालेले नाहीत. काहीतरी अडकलं, गळलं, तुंबलं किंवा फुटलं, तेव्हा झाले आहेत. बेल्ट निसटला, टाकी साफ करायची आहे, शेडचा पत्रा तडकला, कूलरमध्ये पाणी टाकायचं आहे. अशा कामाला कुणी नेमलेलं नसतं. जो रिकामा दिसेल त्याला हाक मारायची, ‘जा रे, जरा बघून ये.’ आम्ही यांना मधली कामं म्हणतो आणि हे पत्रक त्यांच्याचविषयी आहे.

नागपूर परिसरातली हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर इथली युनिटं असोत, लकडगंजातल्या आरा मशीन असोत की कळमन्याकडच्या डाळ मिला, वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर नसतो. मालक किंवा सुपरवायझर हाच सेफ्टी ऑफिसर. त्यामुळे पुढचं सगळं तुम्हाला स्वतः करता येईल असंच लिहिलं आहे.

पत्र्यावर चढण्याआधी

आपल्याकडे शेडची डागडुजी निघते ती मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि सगळ्यांना एकाच वेळी मिस्त्री हवा असतो. मग जो मिळेल तो येतो, चपलेवर, खांद्यावर दोर टाकून.

सिमेंटचा जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. वरून तो धडधाकट दिसतो, पण उन्हापावसाने ठिसूळ झालेला असतो आणि मोडण्याआधी आवाजही करत नाही. त्याहून फसवा उजेडासाठी टाकलेला फायबरचा पत्रा. धूळ बसली की तो आजूबाजूच्या पत्र्यांसारखाच दिसतो. खिळ्यांच्या रांगेवरून चाललं की खाली पर्लिन (पत्र्याला आधार देणारा आडवा अँगल) असतो, असं मिस्त्री लोक सांगतात. ते खरं आहे, पण तोल जाईपर्यंतच.

पहिला प्रश्न असा विचारा, की वर जायलाच हवं का? बरेच पत्रे खालून, स्कॅफोल्डिंग लावून किंवा भाड्याच्या लिफ्टवरून बदलता येतात. भाडं जास्त वाटेल, पण माणूस पडण्यापेक्षा ते परवडतं. माणूस वर पाठवायचाच असेल तर चालायला फळ्या किंवा पत्र्यावर टाकायची शिडी हवी, तीही किमान दोन-दोन पर्लिनवर टेकलेली. अंगात फुल बॉडी हार्नेस (खांदे आणि मांड्यांभोवती बसणारे पट्टे) हवा, कमरेचा पट्टा नव्हे. कमरेच्या पट्ट्यावर लटकलेल्या माणसाच्या पोटाला आणि कण्याला झटका बसतो, शिवाय तो त्यातून निसटूही शकतो. हार्नेसचा हुक अडकवायला पक्की जागा आधी ठरवा. पत्र्याच्या नट-बोल्टला अडकवलेला हुक म्हणजे मनाचं समाधान. कारखाने कायद्यात उंचीवरून पडण्याची शक्यता असेल तिथे बंदोबस्त करायला सांगितलं होतं. 

दुसरी गोष्ट उन्हाची. नवतप्यात नागपूरचा पारा 45 च्या वर गेला तर कुणाला नवल वाटत नाही, पण तो पारा सावलीतला. पत्र्यावर उभ्या असलेल्या माणसाला वरून ऊन आणि खालून तापलेला पत्रा. हे काम सकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत थांबवा. खिशात कांदा ठेवणाऱ्यांना आमची हरकत नाही, फक्त त्याच्या भरवशावर दुपारी बाराला वर चढू नका. दर वीस मिनिटांनी एक ग्लास पाणी, तहान लागो न लागो. गावाहून नुकताच आलेला किंवा महिनाभराच्या सुट्टीनंतर परतलेला माणूस पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उन्हात नको. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडाभर तरी लागतो. कुणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो दारू पिऊन आलाय असं समजून बाजूला बसवू नका. तो उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोराचा वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावा आणि 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

कूलर, ओले हात आणि एमसीबी

नागपुरात उन्हाळा म्हटला की कूलर आला आणि कूलर म्हटला की शॉकची बातमी आली. पत्र्याची बॉडी, आत पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि बाहेर जोडाजोडीची वायर. पंपाचं इन्सुलेशन गेलं की अख्खी बॉडी करंट धरते आणि पाणी भरायला गेलेला माणूस तिला ओल्या हाताने धरतो.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो: ‘एमसीबी बसवलाय ना, पडेल तो.’ तो पडत नाही. एमसीबी जास्तीचा लोड आणि शॉर्टसर्किट ओळखतो. माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा दहावा भागही पुरेसा असतो आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला तेवढं कळतसुद्धा नाही. जीव वाचवतो तो आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरचा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तो क्षणार्धात सप्लाय तोडतो. त्यावर एक टेस्ट बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. पडला नाही तर बदला. लोड नसतानाही वारंवार पडत असेल तर वायरिंगमध्ये कुठेतरी गळती आहे. ‘हा सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबी बायपास करणारा इलेक्ट्रिशियन परत बोलवू नका.

दोन तारांची एक्स्टेंशन वायर कूलरला, ग्राइंडरला किंवा वेल्डिंगजवळच्या पंख्याला लावू नका. तिच्यात अर्थिंगची तार नसते, मग भिंतीतली अर्थिंग कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग शून्य. आणि पाणी भरण्याआधी स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग बाहेर काढा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधीकधी न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. तेव्हा बटण बंद असलं तरी कूलर जिवंतच असतो.

टाकीत उतरणं

सेप्टिक टँक, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेचा) खड्डा, तेलाची टाकी, उसाच्या रसाची किंवा मळीची टाकी. झाकण उघडून अर्धा तास झाला म्हणून आतली हवा चांगली झाली असं होत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रमाण वाढलं की तोच वायू नाकाची वास घेण्याची शक्ती मारतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असं माणसाला वाटतं आणि नेमकं तिथेच घात होतो. जळता दिवा खाली सोडून बघायची जुनी पद्धतही नको, आत मिथेन असेल तर भडका उडेल.

बातम्यांमध्ये अशा घटनांत एकाच वेळी दोन-तीन जण गेलेले दिसतात. पहिला बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उडी मारतो, तिसरा दोघांसाठी. त्यामुळे कामगारांना एवढं एकच शिकवायचं असेल तर हे शिकवा: आतला माणूस उत्तर देत नसेल तर कुणीही आत जायचं नाही. दोरी आधीपासून त्याच्या अंगाला बांधलेली असली पाहिजे, म्हणजे वरूनच ओढता येईल. सेप्टिक टँकमध्ये मात्र माणूस उतरवूच नका, सक्शनची गाडी बोलवा. हाताने मैला साफ करून घेण्याला आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवण्याला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. बाकी टाक्यांसाठी गॅस मीटर वापरा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवेश नाही. मीटर आमच्याकडून एका दिवसासाठीही मिळतो.

अडकलेलं मशीन

आरा मशीनची पाती, डाळ मिलचे रोलर, कन्व्हेयर. मोटर बंद केली म्हणजे मशीन थांबलं असं नाही. फ्लायव्हील आणि पाती बराच वेळ फिरत राहतात. हायड्रॉलिकमध्ये दाब साठलेला असतो, वर उचललेला भाग खाली येऊ शकतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला आत कुणी आहे हे माहीत नसतं. लाइट आली, त्याने बटण दाबलं.

उपाय स्वस्त आहे. मेन आयसोलेटर (मशीनचा सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) खाली करा, त्याला कुलूप घाला आणि किल्ली आत हात घालणाऱ्याच्याच खिशात ठेवा. सुपरवायझरच्या टेबलावर नको, ऑफिसात नको. दोन माणसं आत असतील तर दोन कुलपं. कुलूप लावून झाल्यावर एकदा स्टार्टचं बटण दाबून बघा, मशीन चालत नाही ना याची खात्री करा आणि मगच हात घाला. फाटकी बाही, गळ्यातला गमछा, साडीचा मोकळा पदर, ओढणी यांना फिरत्या शाफ्टजवळ जागा नाही. डाळ मिलमध्ये झाडलोट करणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे जास्त पाहावं लागतं, कारण त्यांना ‘मशीनवर काम करत नाहीत’ म्हणून कुणी काही शिकवलेलंच नसतं.

धूळ

11 एप्रिल 2025 ला उमरेडच्या ॲल्युमिनियम पावडर कारखान्यात झालेला स्फोट आपल्या सगळ्यांना आठवतो. आपण पावडर बनवत नाही, मग आपल्याला काय, असं वाटणं साहजिक आहे. पण बारीक लाकडाचा भुसा, पीठ, साखर, स्टार्च हेही हवेत तरंगत असताना पेट घेतात. खाली पडलेली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणं हे आम्हाला जवळपास प्रत्येक शेडमध्ये दिसतं. त्याने साफसफाई होत नाही, ढग तयार होतो. व्हॅक्युम वापरा, नाहीतर ओल्या फडक्याने पुसा. ॲल्युमिनियमची धूळ मात्र याला अपवाद. तिच्यावर पाणी नको, कारण पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन निघतो. ती पेटलीच तर कोरडी वाळू, पाण्याची बादली नाही.

कायद्याचं थोडक्यात

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 अमलात आली आहे आणि 1948 चा कारखाने कायदा तिच्यात सामावला गेला आहे. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 20, विजेविना चालणाऱ्या ठिकाणी 40 कामगार असतील तर ते ‘कारखाना’ ठरतं. सुरक्षेच्या साधनांचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, म्हणजे बुटांचे पैसे पगारातून कापणं बंद. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. तुमच्या चुकीमुळे कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं आणि दंडाचा निम्मा किंवा जास्त भाग वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं.

आग लागू नये म्हणून बसवलेल्या साधनांचं ‘ब’ नमुन्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचं असतं, 2006 च्या राज्य अग्निशमन कायद्याखाली. जुलैचं बहुतेक जण विसरतात.

‘तो ठेकेदाराचा माणूस होता’ हे वाक्य अपघातानंतर आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. मुख्य मालक म्हणून तुमची जबाबदारी त्याने संपत नाही. मधली कामं बहुधा ठेकेदाराचीच माणसं करतात, म्हणून त्यांची नावं, ईएसआय (कामगार राज्य विमा) क्रमांक आणि काम सुरू करण्याआधी काय सांगितलं याची सही गेटवरच घेऊन ठेवा. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं. कामावर इजा झाली तर उपचार आणि पगाराच्या 90 टक्के भत्ता तिथून मिळतो, पण अपघाताची नोंद 24 तासांत झाली तरच सगळं सुरळीत होतं. अपघाताच्या जागेवरचं काही हलवू नका, फोटो काढून ठेवा.

परमिटचा एक कागद

मधल्या कामासाठी एक पानी परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, पुरेसं आहे: काम काय, कुठे, कोण करणार, काय बंद केलं आणि किल्ली कुणाकडे, बाहेर कोण उभा, किती वाजता संपणार. सुपरवायझरने सही कामाच्या जागी उभं राहून करायची. केबिनमध्ये बसून केलेल्या सहीचा कागद आम्ही ऑडिटमध्ये मोजत नाही. मराठी आणि हिंदीतला नमुना आम्ही देतो, कारण बाहेरून आलेल्या मिस्त्र्याला मराठी येईलच असं नाही.

आमची भेट

पहिल्या भेटीला आम्ही अर्धा दिवस घेतो. तुमच्या इलेक्ट्रिशियनला आणि मेंटेनन्स फिटरला त्या दिवशी सुट्टी देऊ नका, आम्हाला जास्त बोलायचं त्यांच्याशीच असतं. गेल्या वर्षात पत्रे, टाक्या आणि मशीनच्या दुरुस्तीला कुणाकुणाला बोलावलं त्यांची बिलं काढून ठेवा. मधली कामं कुठे आणि किती, हे तिथूनच कळतं. आणि कृपा करून आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी झाडून-पुसून, सगळ्यांना नवी हेल्मेटं घालून ठेवू नका. कारखाना रोज जसा असतो तसाच दाखवा.