कुंडीच्या तळाशी अडकलेलं पाणी

पावसाची झड लागली की बाल्कनीतली तुळस माना टाकायला लागते. माती ओलीचिंब, कुंडीला भोकं व्यवस्थित, तळाशी विटांचे तुकडेही घातलेले, आणि तरीही पानं तहानल्यासारखी लोंबलेली. घरातलं कोणीतरी मग आणखी एक तांब्या पाणी घालतं आणि उरलीसुरली आशाही जाते. हौशी बागेत झाडं तहानेपेक्षा मुळांना हवा न मिळाल्यानं अधिक दगावतात, आणि याचं मूळ कुंडीच्या तळाशी असतं.

मुळं श्वास घेतात. पानात तयार झालेली साखर मुळांच्या पेशींत प्राणवायूच्या मदतीनं जाळली जाते आणि त्या ऊर्जेवर मूळ वाढतं, मातीतलं नत्र, पालाश वगैरे आत ओढून घेतं. हा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. पोकळ्या पाण्यानं भरल्या की वाटच बंद होते, कारण हवेतून प्राणवायू जितक्या सहज पसरतो त्याच्या साधारण दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. शिवाय पाण्यात तो मावतोही थोडा: २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम, तर एक लिटर हवेत त्याच्या तीसपटीहून अधिक. पाणी जसं तापतं तसा हा साठा आणखी घटतो आणि मुळांची गरज मात्र वाढते. म्हणून जूनची उकाड्यातली ओल थंडीतल्या ओलीपेक्षा जास्त घातक.

प्राणवायू संपला की पेशी आंबवण्याच्या मार्गावर जाते. एका साखरेच्या रेणूमागे तीसेक एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळायचे तिथे दोनच मिळतात. पेशीत आम्लता वाढते आणि पेशीच्या पडद्यातून पाणी आत घेणारी प्रथिनांची दारं मिटतात. म्हणजे मूळ पाण्यात बुडालेलं असूनही पाणी पिऊ शकत नाही आणि वर पानं मलूल होतात. भात आणि अळू यांच्या देठांत-मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ नळ्या असतात, म्हणून त्यांना चिखल चालतो. तुळस, मोगरा, कढीपत्ता, गुलाब यांच्याकडे ही सोय नाही.

आता प्रश्न असा की भोकं मोकळी असताना पाणी निघून का जात नाही? सिंकजवळचा भांडी घासायचा स्पंज घ्या. बादलीत बुडवून पूर्ण भिजवा आणि न पिळता आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि गळणं थांबेल. आता तोच स्पंज लांबीत उभा करा. पुन्हा पाण्याची धार लागेल. स्पंज तोच, छिद्रं तीच, बदलली फक्त उंची. तळाशी मात्र एक पट्टा तरीही भिजलेला राहतो आणि तो कितीही वेळ धरलात तरी गळत नाही.

कुंडीतही हेच घडतं. कणांमधल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. पोकळी जितकी अरुंद तितकी तिची पकड जास्त. एक मिलिमीटर रुंदीची पोकळी सुमारे ३ सेंटीमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलते, ०.३ मिलिमीटरची १० सेंटीमीटर, आणि ०.१ मिलिमीटरची तब्बल ३० सेंटीमीटर. दहा इंची कुंडीत माती असते २०-२२ सेंटीमीटर. बारीक चिकण माती भरली तर वरपासून खालपर्यंत सगळ्या पोकळ्या भरलेल्याच राहतात. जमिनीत हीच माती चालून जाते, कारण तिथे खाली काही मीटर सलग माती असते आणि ओल तिच्यात उतरत राहते. कुंडीचा तळ ही सलगता तोडतो.

भोकं वाढवून हा भिजलेला थर कमी होत नाही. भोकाच्या तोंडाशी हवा असते, पाणी मातीच्या पोकळ्यांत धरलेलं असतं, आणि वरून पुरेसं पाणी येऊन ती पकड सुटेपर्यंत थेंब बाहेर पडत नाही. नेमक्या याच कारणानं तळाशी खडी, विटांचे तुकडे किंवा करवंट्या घालण्याचा सर्रास चालणारा प्रकार उलटा पडतो. वरच्या बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत आपणहून उतरत नाही. मातीचा सगळ्यात खालचा थर पूर्ण भिजल्यावरच ते पुढे सरकतं. अमेरिकेतले मृदाशास्त्रज्ञ वॉल्टर गार्डनर यांनी काचेच्या तावदानांमध्ये मातीचे थर रचून हे डोळ्यांनी दिसेल असं दाखवलं होतं. पाणी भरड थराच्या सीमेवर येऊन थांबतं आणि आडवं पसरतं. त्यामुळे पाच सेंटीमीटर खडी घातली की भिजलेला थर नाहीसा न होता तेवढाच वर सरकतो आणि मुळांची कोरडी, हवेशीर जागा पाच सेंटीमीटरनं कमी होते. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी पुरे; तिचं काम माती अडवण्याचं आहे, निचऱ्याचं नाही.

कुंडीची उंची मात्र खरोखर कामाची. एकाच मिश्रणात भिजलेल्या थराची जाडी सारखीच राहते, मग कुंडी १५ सेंटीमीटरची असो वा ३०ची. उथळ कुंडीत तो थर अर्धी माती व्यापतो, उंच कुंडीत पाव. मेथी-कोथिंबिरीसाठी पसरट ट्रे वापरणाऱ्यांनी म्हणूनच मिश्रण आणखी भरड ठेवावं. आणखी एक सोपी युक्ती: पाणी घालून गळणं थांबलं की कुंडी ४५ अंशात कलती करा. पुन्हा पाणी येईल, कारण कलल्यावर तळाची एक बाजू खाली जाऊन उंची वाढते. संततधार पावसात हलवता येण्याजोग्या कुंड्या दिवसातून एकदा पाच मिनिटं कलत्या केल्या तरी फरक पडतो. जड कुंडीत भोकातून सुती किंवा नायलॉनची जाड दोरी वर मातीत १० सेंटीमीटर घालून खाली तेवढीच लोंबती ठेवावी. दोरी पाण्याचा स्तंभ खाली लांबवते आणि तळाचं पाणी तिच्यावरून ठिबकत राहतं. त्यासाठी कुंडी विटांवर उचललेली हवी. एरवीही ती थेट फरशीवर ठेवू नये. ओल्या फरशीवर सपाट तळ चिकटून बसतो आणि भोकं बंद होतात. फरशीचे तीन तुकडे खाली सरकवले की काम होतं.

खरा उपाय मिश्रणात आहे. आपल्याकडची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाईट जातीची खनिजं पाण्यानं फुगतात, वाळली की आकसतात. शेतात कापसाला ती उत्तम, कुंडीत नुसती भरली तर पावसाळ्यात चिखल आणि एप्रिलमध्ये कडेनं भेग. मिश्रणात तिचं प्रमाण पाचव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. विकत आणलेली लाल मातीही तपासून घ्यावी, कारण रोपवाटिकांतून तिच्या नावावर काहीही मिळतं. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर भांडी धुण्याची पावडर घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाशी बसेल ती वाळू, दोन तासांत तिच्यावर बसेल ती पोयटा, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ करून तरंगत असेल ती चिकण. ती खाली बसल्यावर चिकणीचा थर एकूण मातीच्या पाव भागापेक्षा जाड दिसला तर ती माती एकटी वापरू नये.

इथे बहुतेकांचा हात वाळूकडे जातो आणि प्रमाण चुकतं. चिकण मातीत मूठ-दोन मूठ वाळू घातली तर वाळूचे कण चिकणीत रुतून बसतात, पोकळ्या होत नाहीत, उलट गोळा आणखी घट्ट होतो. भरड कण एकमेकांना टेकतील इतके झाले, म्हणजे जवळपास निम्मे, तरच मधे मोठी जागा उरते. कणाचा आकारही महत्त्वाचा: २ ते ५ मिलिमीटर. चहाच्या गाळण्यातून खाली पडेल ती बारीक वाळू या कामाची नाही. चाळलेला विटांचा चुरा चांगला, पण त्यातली भुकटी फेकून द्यायची. समुद्राची वाळू खारी, ती नकोच.

तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांना चालेल असं मिश्रण: लाल माती ३ भाग, भरड वाळू किंवा विटांचा चुरा ४ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत २ भाग, धुतलेलं कोकोपीट १ भाग. दहा इंची कुंडीला साधारण ८ लिटर मिश्रण लागतं. त्यात मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट धुतल्याशिवाय घालू नका. नारळाचा काथ्या अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्याचं मीठ त्यात उरतं आणि पानांच्या कडा करपतात. दोन-तीनदा भिजवून घट्ट पिळावं, पाण्याचा रंग फिका होईपर्यंत. गच्चीवर वजनाची अडचण असेल तर वाळूतला निम्मा भाग जळक्या तुसाचा चालतो. कच्चं तूस कुजताना मातीतलं नत्र खातं, ते टाळावं.

मिश्रण जमलं की नाही ते मोजता येतं आणि ही मोजणी एकदा तरी कराच. दोन लिटरची शीतपेयाची बाटली वरून कापा, तळाला चार भोकं पाडून बाहेरून चिकटपट्टी लावा. नुकतंच ओलसर केलेलं मिश्रण भरा आणि बाटली ओट्यावर दोनदा आपटा. आधी पाण्यानं मोजून ठेवा की त्या पातळीपर्यंत किती मिली मावतं, समजा १५००. आता कडेनं हळूहळू पाणी घालत जा, पृष्ठभाग चमकेपर्यंत. अर्धा तास थांबून पुन्हा पृष्ठभाग चमकेपर्यंत भरा. मग बाटली पातेल्यावर धरून चिकटपट्टी काढा आणि गळणं थांबेपर्यंत सगळं पाणी गोळा करा. गळलेलं पाणी ही मुळांच्या हवेची जागा. १५०० मिलीमागे २२५ मिली आलं तर १५ टक्के. १५ ते २५ टक्के चांगलं. दहाच्या खाली आलं तर भरड भाग वाढवून पुन्हा करा. उथळ डब्यात ही चाचणी केली तर आकडा कमी येतो, कारण तेच उंचीचं.

पाणी द्यायला वार ठरवू नका. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर द्या आणि दिलं की खालून गळेपर्यंत द्या. रोज अर्धा पेला शिंपडण्यानं वरचा थर ओला, मधला कोरडा आणि क्षार साचलेला राहतो. ताटलीत आलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका, नाहीतर तळाचा भिजलेला थर दिवसभर तसाच. लहान कुंडी उचलून वजन पाहणं ही सगळ्यात भरवशाची पद्धत. उन्हाळ्यात माती पूर्ण वाळून कडेनं सुटली असेल तर वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ निघून जातं आणि भोकातून पाणी आलं म्हणून आपण फसतो. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी.

ओल्या मातीत झाड मलूल झालंच तर पाणी आणि खत दोन्ही थांबवा. झाड अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं. तपकिरी, लिबलिबीत मुळाला चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हाती येते आणि आतला दोऱ्यासारखा गाभा मागे राहतो. ही पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांची खूण. पाण्यात पोहणारे त्यांचे बीजाणू साचलेल्या ओलीतच मुळापर्यंत पोचतात. कुजक्या अंड्याचा वास आला तर मातीत हवा संपून बराच काळ झाला आहे. सडलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, फांद्या एक तृतीयांश छाटा आणि उरलेल्या मुळांना पुरेल अशा लहान कुंडीत नव्या मिश्रणात लावा. मोठी कुंडी देण्याचा मोह आवरा. मुळांनी न व्यापलेली माती कित्येक दिवस ओली राहते. आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी पाकिटावरच्या प्रमाणात द्यायला हरकत नाही, पण त्याचं काम मुख्यतः प्रतिबंधाचं आहे, सडलेलं मूळ ते परत आणत नाही. आणि त्याच्याबरोबर ताम्रयुक्त बुरशीनाशक दिलंत तर ट्रायकोडर्मालाच मार बसू शकतो.

कोकणात किंवा मुंबईत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. दहा इंच व्यासाच्या कुंडीच्या तोंडावर त्या एका दिवशी सुमारे ५ लिटर पाणी पडतं, ८ लिटर मातीत. ते नुसतं साचत नाही, जाताना नत्रही धुऊन नेतं. म्हणून श्रावणात जुनी, खालची पानं पिवळी पडतात. पाऊस उघडला की प्रत्येक कुंडीला दोन मुठी गांडूळखत द्यावं. कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर दुखणं वेगळं, लोहाचं. ते बोअरच्या अल्कधर्मी पाण्यानं येतं आणि सततच्या ओलीनं बळावतं. अशा वेळी आधी निचरा सुधारावा, लोह नंतर.

चांगलं मिश्रणही कायम टिकत नाही. खत कुजून बारीक होतं, पोकळ्या बुजतात, मातीची पातळी दोन-तीन इंच खचते. वरून नवी माती टाकून पातळी भरली तरी खालचा दाबलेला थर तसाच राहतो. दीड-दोन वर्षांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड काढून मुळांभोवतीची एक तृतीयांश जुनी माती झाडून टाकावी आणि नव्या मिश्रणात लावावं. निघालेली माती फेकू नये. उन्हात वाळवून, चाळून, तिच्यात तेवढाच विटांचा चुरा मिसळला की ती पुढच्या कुंडीला चालते. मुळं सडलेल्या कुंडीतली माती मात्र वेगळी ठेवून द्यावी.