कालाहारीतलं दोन देशांचं उद्यान: आधी बाहेर पडायचं गेट ठरवा, मग कागदपत्रं

कालाहारी वाळवंटातलं कगालागाडी ट्रान्सफ्रंटियर पार्क दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना या दोन देशांत पसरलेलं आहे. दोन्ही देशांनी १९९९ मध्ये करार केला आणि मे २००० मध्ये आपापली जुनी राष्ट्रीय उद्यानं अधिकृतपणे एकत्र आणली. क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास दहा गोवे. त्यातला तीन चतुर्थांश भाग बोत्स्वानात आहे. नोसोब नदीचं कोरडं पात्र हीच सीमा. या पात्रात ना कुंपण, ना चौकी. काळ्या आयाळीचा सिंह पात्र ओलांडून पलीकडच्या देशात जातो. गाडीतून आपणही त्याच पात्रातून फिरतो आणि कोणी पासपोर्ट विचारत नाही.

म्हणूनच अनेकांचा गैरसमज होतो. सीमा उद्यानाच्या आत जाणवत नाही, ती गेटवर असते. ज्या देशाच्या गेटने आत आलात, त्याच देशाच्या गेटने बाहेर पडणार असाल, तर त्या एका देशाचा व्हिसा पुरतो आणि उद्यानात दोन्ही बाजूंना फिरता येतं. दुसऱ्या देशात बाहेर पडायचं असेल, तर त्या देशाचा प्रवेशही कायदेशीर हवा आणि उद्यानात किमान दोन रात्रींचं बुकिंग हवं. दोन रात्रींची ही अट उद्यानाचा नुसता शॉर्टकट म्हणून वापर होऊ नये यासाठी आहे, आणि ती मला अगदी योग्य वाटते.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो उद्यानाला लागून असलेल्या तिसऱ्या देशाकडे, म्हणजे नामिबियाकडे जाताना. दक्षिण आफ्रिकेकडून येणारा मुख्य दरवाजा ट्वी रिव्हिएरेन, आणि नामिबियाच्या हद्दीवरचं गेट माता-माता. दोन्हींमध्ये ऑब नदीच्या पात्रालगत सुमारे १२० किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. माता-माताला फक्त नामिबियाचं इमिग्रेशन आहे. दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडल्याचा शिक्का ट्वी रिव्हिएरेनलाच घ्यावा लागतो. तो न घेता पुढे गेलात तर सगळा रस्ता परत यावं लागेल. उद्यानात वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे, आणि सूर्यास्तानंतर गाडी चालवायला परवानगी नाही, त्यामुळे अख्खा दिवस हातचा जातो. ट्वी रिव्हिएरेन सोडण्यापूर्वी पासपोर्टचं पान उघडून शिक्का स्वतः बघा.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस वैध हवा, त्यात दोन कोरी पानं हवीत. भरलेला अर्ज, फोटो, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, नोकरी असल्यास रजेचं पत्र, परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग आणि दिवसवार कार्यक्रम जोडा. कार्यक्रमात कोणत्या गेटने आत आणि कोणत्या गेटने बाहेर, हे स्पष्ट लिहा. नामिबिया किंवा बोत्स्वानात जाऊन परतीचं विमान जोहान्सबर्गहून पकडणार असाल, तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागायला विसरू नका. व्हिक्टोरिया धबधब्यासाठी अनेक जण घेतात तो झांबिया-झिंबाब्वेचा संयुक्त व्हिसा इथे कामाचा नाही.

विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल, तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. लस घेतल्यावर ते दहा दिवसांनी वैध होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. सोबत मूल असेल तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला घ्या, आणि दोघांपैकी एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही. कुंपण नसलेल्या लहान कॅम्पमध्ये, म्हणजे उरिकारूस, किलीक्रँकी, ग्रूटकोल्क वगैरे ठिकाणी, १२ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. मुलं असतील तर ट्वी रिव्हिएरेन, नोसोब किंवा माता-माताचा कुंपणाचा कॅम्प निवडा.

गाडी स्वतः चालवणार असाल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून मिळतो. फॉर्म ४-ए, मूळ लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. परवाना एक वर्ष चालतो. भाड्याची गाडी दुसऱ्या देशात न्यायची असेल तर कंपनीचं लेखी परवानगीपत्र हवं. ते गाडी ताब्यात घेताना मागून भागत नाही, बुकिंगच्या वेळीच सांगा. बोत्स्वानाच्या बाजूला मात्र फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडीच लागते, तिथली वाळू साध्या गाडीला झेपत नाही.

बुकिंग दोन वेगळ्या ठिकाणी होतं: दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचं सॅनपार्क्स या तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या संस्थेकडे, बोत्स्वानाच्या बाजूचं त्यांच्या वन्यजीव विभागाकडे. लहान कॅम्पमध्ये मोजक्याच खोल्या असतात आणि त्या कित्येक महिने आधी भरतात. आधी मुक्काम पक्का करा, मग व्हिसाचा अर्ज भरा.

सगळ्या कागदांच्या छापील प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा. उद्यानात रेंजच्या भरवशावर राहता येत नाही, आणि इमिग्रेशनच्या खिडकीवर दोन रात्रींचं बुकिंग मागितलं की ते लगेच पुढे करता आलं पाहिजे.