झीरो-टर्न मोअर: टिकाऊपणाचा प्रश्न सीटखाली कसा गेला

एकरभर लॉनसाठी झीरो-टर्न, म्हणजे बसून चालवायचं आणि जागच्या जागी वळणारं गवत कापायचं यंत्र, घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी इंजिनावरचं स्टिकर वाचतो, मग डेकची, म्हणजे ब्लेडवरच्या पत्र्याच्या झाकणाची, रुंदी विचारतो. मोठी बिलं मात्र पुढे येतात ती सीटखालच्या, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या ट्रान्सॲक्सलची. घरगुती यंत्रात हा भाग कायमचा बंद करून टाकायचं कधीतरी ठरलं. त्या निर्णयावर माझं मत पक्कं आहे, ते खाली येईलच.

गवत कापायच्या यंत्राचं पेटंट 1830 चं, इंग्लंडमधल्या स्ट्राउड भागातलं. लोकरी कापडाची लव छाटणारं यंत्र पाहून एका कारागिराला ते सुचलं. झीरो-टर्न आलं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या मिसुरी आणि कॅन्सस ह्या शेजारच्या राज्यांत, जवळजवळ एकाच वेळी. पहिलं कोणाचं ह्यावर दोन्हीकडून दावा केला जातो. स्टिअरिंग काढून दोन हातांत दोन लिव्हर द्यायचे आणि दोन चाकांना वेगवेगळी चाल द्यायची, ही आज रुळलेली रचना कॅन्ससकडून आली. घरगुती मॉडेलं 1970 च्या दशकातही होती, पण पुढची बरीच वर्षं हे यंत्र मुख्यतः लॉनचा धंदा करणाऱ्यांच्या ट्रेलरवरच दिसायचं. 1990 च्या दशकात डेक मध्यभागी, दोन्ही जोड चाकांच्या मधे असलेली मॉडेलं जोरात खपू लागली, आणि मग शेजाऱ्याचा माणूस अर्ध्या तासात अंगण उरकतो हे बघून घरमालकांनाही तेच हवंसं वाटू लागलं.

इथे किमतीचा प्रश्न आला. धंद्याच्या यंत्रात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाल देणारे, पंप वेगळे, चाकांच्या मोटरी वेगळ्या, मधे होजपाइप, तेलाची स्वतंत्र टाकी आणि बाहेर फिल्टर असे. भारी प्रकार. घरगुती किमतीत बसवायचं म्हणून पंप, मोटर आणि गिअर एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात आणले गेले. डावा एक, उजवा एक. इथवर कोणाची तक्रार नव्हती. वाद झाला पुढच्या पायरीवर: सर्वांत स्वस्त डब्याला तेल काढायचा बोल्टच ठेवला नाही आणि बाहेरचा फिल्टरही दिला नाही. कारखान्यातून भरलेलं तेल आयुष्यभर पुरेल, असं सांगण्यात आलं.

बनवणाऱ्यांचं गणित खोटं नव्हतं. एक एकर सपाट लॉन, आठवड्याला एक तास, हंगाम तीस आठवड्यांचा, म्हणजे वर्षाला 30 तास. ज्या डब्यांना फिल्टर आहे त्यांचं तेल पहिल्यांदा 75 ते 100 तासांनी आणि मग दर 400 तासांनी बदलायला सांगतात. ह्या हिशेबाने घरमालकाला पहिल्या बदलापर्यंत पोचायलाच तीन वर्षं लागतात. दिवसाला सहा तास, आठवड्याचे पाच दिवस यंत्र चालवणारा धंदेवाला त्याच हंगामात 900 तास भरतो. मग घरच्या माणसाने न वापरायच्या सोयीचे पैसे का द्यावेत?

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पहिल्या शंभर तासांतच नवे गिअर आणि पिस्टन एकमेकांवर बसतात आणि धातूची बारीक भुकटी तेलात उतरते. पहिलं तेल लवकर बदलायचं ते ह्याचसाठी. बंद डब्यात ती भुकटी बाहेर पडायला वाटच नाही. शिवाय घरमालकाचं लॉन सपाट असेल हे कोणी ठरवलं? दोन-तीन एकर, उतार, मागे गवत गोळा करायच्या पिशव्या आणि जुलैचं ऊन असलं की तेल तापतं, पातळ होतं आणि दाब टिकवू शकत नाही. आमच्याकडे उत्तर कॅरोलायनात ते मी पाहिलं. सकाळी पहिली वीस मिनिटं यंत्र ठणठणीत. मग चढावर डावी बाजू हळूहळू मागे पडायला लागली, यंत्र आपसूक डावीकडे वळू लागलं, आणि लिव्हर पूर्ण पुढे ढकलूनही चाक जागच्या जागी कण्हत राहिलं. तासभर सावलीत उभं केलं की पुन्हा सरळ चाले. दुकानदार म्हणाला, "डबा उघडत नाही आम्ही, अख्खा बदलावा लागेल." एका बाजूचीच किंमत ऐकून मी मुकाट घरी आलो.

नंतर बेल्ट सोडवून, चाक काढून तो डबा खाली उतरवला. त्याच्या डोक्यावरच्या छोट्या पंख्याची पाती वाळलेल्या गवताच्या चिखलात बुजली होती. डबा पालथा घालून वरच्या तोंडातून तेल ओतलं, तर ते करड्या रंगाचं, बोटावर चोळलं की चमकणारं. नवीन 20W-50 इंजिन ऑइल भरलं. चाकं जमिनीपासून उचलून, बायपास (यंत्र हाताने ढकलता यावं म्हणून चाक मोकळं सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून लिव्हर पुढे-मागे पाच-सहा वेळा हलवली, मग बायपास बंद करून तेच पुन्हा, म्हणजे आत अडकलेली हवा निघाली. अजून चालतंय. हे काम ज्याला जमतं तो दहा वर्षं काढतो, आणि ज्याला जमत नाही त्याला आयुष्यभराचं तेल म्हणजे डब्याचं आयुष्य हे उशिरा कळतं.

मधल्या किमतीच्या डब्यांना मात्र फिल्टर आणि तेलाची टोपी मिळते. म्हणून आज घ्यायला जाणाऱ्याने इंजिनाआधी ट्रान्सॲक्सलचं मॉडेल विचारावं, आणि विक्रेत्याला फिल्टर बोटाने दाखवायला सांगावं. दाखवता आला नाही तर दुसरं यंत्र बघावं. वॉरंटी वाचताना वर्षांबरोबर तासही वाचावेत, कारण पुष्कळ ठिकाणी जे आधी भरेल ते लागू होतं.

स्टिकरवरच्या हॉर्सपॉवरची गोष्ट थोडक्यात. एकच इंजिन वेगवेगळे आकडे लावून विकलं जातं, अशी तक्रार घेऊन 2004 मध्ये ग्राहक अमेरिकी कोर्टात गेले. 2010 मध्ये 6.5 कोटी डॉलरचा समेट मंजूर झाला. एअर क्लीनर आणि सायलेन्सर न लावता मोजलेली शक्ती आणि प्रत्यक्षात मिळणारी शक्ती ह्यांतला फरक तेव्हा लोकांना समजला. आता बऱ्याच इंजिनांवर सीसी आणि टॉर्क लिहितात.

डेकबद्दल आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वावरलेल्याला वेगळं सांगायला नको: गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड. दहा गेजचे पत्रे वेल्ड करून केलेला डेक दगडावर आपटला तरी सरळ करता येतो. साच्यात दाबून काढलेला पातळ डेक हलका आणि स्वस्त असतो, पण गंज खाल्ला की ब्लेडच्या स्पिंडलपाशी, म्हणजे ब्लेड फिरवणाऱ्या दांड्यापाशी, तडे जातात.

उताराबद्दल मात्र तडजोड नको. झीरो-टर्नला वळवतात तीच चाकं ज्यांना चाल असते, पुढची कॅस्टर, म्हणजे कुठेही वळणारी मोकळी, चाकं नुसती मागोमाग जातात. ओल्या गवतावर मागची चाकं घसरली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही एकदम जातात. बहुतेक माहितीपुस्तिका 15 अंशांवर थांबायला सांगतात. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढून इथे अमेरिकेत पहिल्यांदा अंगण मिळालेल्या आपल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: तळ्याच्या किंवा नाल्याच्या काठची पट्टी हाताने ढकलायच्या मोअरने कापा.

गेल्या काही वर्षांत चित्र पुन्हा हललं. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये कायदा केला आणि बागकामाच्या बहुतेक नव्या लहान इंजिनांना 2024 च्या मॉडेलपासून शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली. बॅटरीच्या झीरो-टर्नमध्ये प्रत्येक चाकाला स्वतंत्र विजेची मोटर असते. पंप नाही, तापून पातळ होणारं तेल नाही. तिथे विचारायचा प्रश्न बदलतो: बॅटरी सुटी निघते का, आणि पाच वर्षांनी नुसती तीच विकत मिळेल का. ट्रान्सॲक्सलच्या वेळी घरमालकांनी हा प्रश्न दुकानात विचारला नव्हता.